कुणाकडं आलाय?

कापूरहोळला सातारा रस्ता सोडून भोरकडं वळेपर्यंत मोटरसायकलवाला हा रस्त्यावरचा सगळ्यात बिनमहत्त्वाचा माणूस असतो. कंटेनर त्याला कडेला लोटतात, मोटारी मागून दिव्यांची उघडझाप करतात, टोलनाक्यावर तर त्याच्याकडून कुणाला पैसेसुद्धा नको असतात. वळल्यावर मात्र थोड्याच अंतरात त्याला किंमत येऊ लागते. समोरून येणारा स्प्लेंडरवाला डोकं किंचित हलवून ओळख दाखवतो. रस्ताभर पसरलेल्या शेळ्या वळणारी पोरगी शेळ्या बाजूला घेत नाही, मलाच हातानं थांबायची खूण करते आणि मी मुकाट थांबतो.

मे महिना सरत आला होता. असल्या दिवसांत भोर-वेल्ह्याला कुणी हौसेनं जात नाही. हौशी माणसं जुलैत येतात, धबधब्यांना. पण मला डांबर नको होतं आणि चिखलही नको होता. मला हवी होती खडी, मुरूम आणि फुफाटा, आणि तो फक्त पावसाच्या आधी मिळतो.

भोर हे पंतसचिवांचं संस्थानी गाव. नीरेच्या काठावरचा १८६९ सालचा राजवाडा अजून ताठ उभा आहे. सिनेमा-मालिकावाल्यांनी तो इतक्या वेळा भाड्यानं घेतलाय, की पहिल्यांदा येणाऱ्यालाही आतला चौक ओळखीचा वाटतो. संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण गावातल्या बोलण्यातली सबुरी विलीन व्हायची राहून गेली. चहाच्या दुकानात मी वेळवंडचा रस्ता विचारला. पुण्यात या प्रश्नाला हनुवटीनं उत्तर मिळतं. इथं दुकानदारानं आधी पातेल्याखालची आच बारीक केली.

"वेळवंडला कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. असाच."

"असाच?" त्यानं बाकावरच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. "बाबा, पाव्हणं असंच चाललेत."

बाबांनी माझ्याकडं न पाहता बाहेर उभ्या गाडीकडं पाहिलं. वजनदार, साडेतीनशे सीसीची, मागच्या बाजूला बॅगा बांधलेली. "किती देती?" मी पस्तीस म्हणालो. "मग न्हाय परवडत," असा निकाल त्यांनी दिला आणि गाडीचा विषय तिथंच संपला. पुढं सगळ्या वाटेवर हे दोन प्रश्न माझ्या सोबतीला होते. कुणाकडं आलाय, आणि किती देती. दुसऱ्याचं उत्तर देऊन सुटता यायचं.

भोरपासून जवळच भाटघरचं धरण. दगडी भिंत लांबच लांब, ४५ स्वयंचलित दरवाज्यांची. आजचं धरण १९२८ सालचं आणि त्याला नाव मुंबईच्या गव्हर्नर लॉइड साहेबाचं. पण त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, इथं एक लहान धरण झालं होतं. नवं बांधलं तेव्हा ते जुनं त्याच्या पाण्यात गेलं. धरणानं धरणच बुडवलं, तिथं गावांचं काय विचारता! जमीन भोर संस्थानची, बांधणारं सरकार मुंबईचं आणि पाणी नीरेच्या दोन कालव्यांनी तिकडं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या रानात. बारामतीकडच्या उसाच्या फडांमधून मी पुष्कळ फिरलोय. तिथले रस्ते सरळ आहेत. इथले वाकडे का, याचं उत्तर भाटघरच्या भिंतीवर उभं राहिलं की मिळतं. नदीकाठची सपाट जमीन पाण्याखाली गेली आणि तिच्यावरची जुनी वाटही. आता जो रस्ता आहे तो डोंगराच्या उतारावर सरकवलेला. प्रत्येक ओढ्याशी तो आत शिरतो, वळसा घेतो, पुन्हा बाहेर येतो. समोरच्या काठावरची घरं दिसतात, तिथं वाळत घातलेली लुगडी दिसतात आणि तिथं पोचायला अर्धा दिवस मोडतो.

वेळवंड खोऱ्यात डांबर संपतं, असं म्हणणं बरोबर नाही. डांबर विरत जातं. आधी कडा कुरतडल्या जातात, मग मधे टक्कल पडतं, मग एका वळणानंतर नुसती खडीच उरते. सैल, टोकदार, चाकाखालून सटकणारी. पहिले काही किलोमीटर मी हँडल आवळून धरलं होतं. खांदे भरून आले. मागून एक दूधवाला आला. पायात स्लिपर, दोन्ही अंगांना किटल्या, तोंडात कसलं तरी गाणं. मला मागं टाकून पुढच्या मोरीवर तो थांबला. चुकून नाही, माझ्यासाठीच.

"दादा, तुमी तिला धरून ठिवताय. जाऊ द्या तिला. दुसऱ्यात ठिवा, अन् फुडचा ब्रेक इसरा."

एवढं सांगून तो गेला. दुसऱ्या गिअरमध्ये, हात सैल सोडून, पायांवर जरा उठून चालवायला लागलो आणि खरंच गाडी आपली आपण वाट काढू लागली. पुढचं चाक थोडं इकडं-तिकडं होतं, होऊ द्यायचं. खडीवर गाडी चालवण्याची सगळी विद्या या "होऊ द्यायचं"मध्ये आहे. महागड्या गाड्या घेणाऱ्यांना हीच विद्या शिकवणारे वर्ग पुण्याच्या आसपास भरतात. इथं ती पहाटेच्या दुधाबरोबर येते.

आणि इथंच मला पहिल्यांदा थोडं अवघडल्यासारखं झालं. ज्या खडीसाठी मी आवर्जून आलो, तीच या माणसाच्या गाडीचे शॉकअप खाते, त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी भोरला नेताना हाडं खिळखिळी करते. खोऱ्यात रस्त्याबद्दल ज्याच्याशी बोललो त्याला डांबर हवं होतं. मला ते नको होतं. यावर तडजोड निघण्यासारखी नव्हती, आणि मत त्यांचंच खरं होतं.

उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरतं तेव्हा कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. वर्षातला बराच काळ ते पाण्यात असतं. गाडी वर झाडाखाली लावून मी तळ्याच्या पोटात चालत उतरलो. गाळाला भेगा पडलेल्या, पायाखाली शिंपले कुरकुरत होते. चालता चालता लक्षात आलं, की जमिनीवर ओळी आहेत. बांध होते ते, जुन्या खाचरांचे. गाळानं बुजले, तरी जवळपास शंभर वर्षं पाण्याखाली राहून त्यांनी आकार सोडलेला नाही. देऊळ खाली दगडाचं, वर विटा-चुन्याचं. पिंडीवर ताजी फुलं होती. वर्षातून थोडेच दिवस देव घरी असतो म्हटल्यावर माणसं ते दिवस वाया घालवत नाहीत.

देवळाजवळ शेरडं घेऊन एक आजी बसल्या होत्या. पाणी हटलं की या गाळात कुणी थोडंफार पेरतं, कुणी गुरं चारतं. त्यांनी विचारलंच.

"कुनाकडं आलाय?"

मी पुन्हा "असाच" म्हणालो. "एकटाच?" त्यांनी मला नीट निरखलं. आमच्या शहरात एकट्यानं भटकायला निघणं कौतुकाचं झालंय. लोक त्यात धाडस बघतात, स्वतःचा शोध वगैरे बघतात. या खोऱ्यात एकटा माणूस घराबाहेर पडतो तो दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी नाहीतर भांडून. आजींनी पहिल्या दोन शक्यता माझ्या तोंडावरून बाद केल्या असाव्यात. कारण पुढचं वाक्य होतं, "जेवून जा. रागावर उपाशी फिरू ने."

घर वर, रस्त्याच्या कडेला. शेणानं सारवलेली पडवी, कुडाची एक भिंत, बाकीच्या विटांच्या. मुलगा शिरवळच्या कारखान्यात, सून मुलांना घेऊन त्याच्याकडं. घरात आजी, शेरडं आणि टीव्ही. जेवायला नाचणीची भाकरी, धरणातल्या चिलापीचं लाल कालवण आणि भात. भाताचा वास वाढायच्या आधीच आला. इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा हा संकर १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि भोर-वेल्हे-मावळात त्यानं घर केलं. पुण्यातल्या दुकानात मी तोच घेतो, पण तिथं तो मोकळा शिजवायची धडपड असते, दाणा दाण्याला लागला की सुगरणीचा कमीपणा. आजींनी तो चांगला मऊ, चिकट शिजवला होता. "सुटा भात कालवान धरत न्हाय," त्या म्हणाल्या. माझ्या घरातल्या वादाचा निकाल लागला. अर्थात घरी तो सांगण्यात अर्थ नाही.

पैशांचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. मग आतून एक पिशवी आणली. भाताचं बी. लेक वर भुतोंड्याच्या अंगाला दिलेली, तिच्याकडं पोचतं करायचं. मृग तोंडावर आलाय, राब भाजून झालेत, बी वेळेत पोचायला हवं. एसटीच्या भरवशावर किती राहणार? मी पिशवी टाकीवर बांधली.

त्यानंतरचा रस्ता तसा तोच होता, तीच खडी, तसेच वळसे. उतारावर राब भाजलेले काळे चौकोन, करवंदीच्या जाळ्या पिकून काळ्या झालेल्या, एका वळणावर पाण्याचा टँकर आणि त्याच्यामागं हंड्यांची रांग, रांगेच्या खाली धरणाचं पाणी चमकत होतं. पण माणसं बदलली. की मी बदललो? पाराशी दोघांनी हात केला, "कुणाकडं?" आणि या खेपेला मला उत्तर होतं. "अमक्या आजींच्या लेकीकडं, बी द्यायला." त्यांचे चेहरे सैल झाले. एकानं वाट सांगितली, दुसऱ्यानं ती दुरुस्त केली, तिसरा घरातून बाहेर येऊन म्हणाला की ती आत्ता रानात असेल, बी इथं ठेवलं तरी चालेल. गाडी किती देती हे कुणीच विचारलं नाही. या रस्त्यावर एकेका गाडीला एकेक काम असतं. काम कळलं की गाडी दिसेनाशी होते.

भुतोंड्याच्या अंगानं राजगड वेगळाच दिसतो. गुंजवण्याच्या बाजूनं येणाऱ्यांना बालेकिल्ल्याचा डोक्यावरचा तोरा दिसतो. इकडून संजीवनी माची दिसते. लांब, टप्प्याटप्प्यानं उतरत येणारी, बुरुजांची तटबंदी कमरेला बांधून. जावईबापूंनी बी ताब्यात घेतलं, पाणी दिलं आणि अंगणातूनच बोटानं वाट दाखवली, गडावरच्या अळू दरवाज्याकडं चढणारी. डोंगराच्या पलीकडं वेल्हे. बायका-माणसं अजूनही खिंडीतून पायी पलीकडं जातात, सोयरीक आहे म्हणाले. गाडीनं जायचं तर मला परत सगळं खोरं उतरायचं होतं.

इथं बसून बारा मावळांचा नकाशा डोक्यात नीट बसला. शाळेत तो पाठ केला होता, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद मावळ, रोहिडखोरं, वेळवंडखोरं, नुसती यादी. ती यादी म्हणजे एकेक नदी आणि तिच्या दोन बाजूंचे डोंगर. खोऱ्यात माणूस वर-खाली फिरतो, आडवा जायचं तर खिंड चढावी लागते. म्हणून प्रत्येक खोऱ्याचा देशमुख आपल्या खोऱ्यापुरता राजा, आणि शेजारच्याशी वैर. जेधे आणि बांदल, दोघांचं एकमेकांशी हाडवैर, असल्या माणसांना एका कामाला लावणं हे किल्ले घेण्यापेक्षा अवघड गेलं असणार. किल्ल्यांना तट असतात, खिंडीला मान असतो. कारीच्या कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं याची गोष्ट आपण भारावून सांगतो. हे रस्ते एकदा हाडांतून गेले की त्या वतनाचं वजन कळतं. इथं वतन म्हणजे पायाखालचा एकुलता एक सपाट तुकडा.

नसरापूरला वळसा घालून, बनेश्वराच्या झाडीत जरा अंग टेकून, मी वेल्ह्याच्या खोऱ्यात शिरलो. तालुक्याला राजगड नाव द्यायचं मंत्रिमंडळानं २०२४च्या मार्चमध्ये ठरवलं, माणसं बोलताना वेल्हेच म्हणतात. मार्गासनीपासून तोरणा समोर धरूनच गाडी चालते. १४०३ मीटर, जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. प्रचंडगड हे त्याचं दुसरं नाव, आणि खालून बघताना ते कमीच वाटतं.

पण या खोऱ्यात नजर किल्ल्यावर टिकू देत नाहीत त्या पाट्या. प्लॉटिंगच्या. गुंठ्याचा भाव, डोंगराचा देखावा, वर्षभर पाणी. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत एक कडुनिंब आणि झोपाळा. आणि एक गोष्ट रस्त्याच्या माणसाला लगेच जाणवते, या भागातली सगळ्यात चांगली खडी प्लॉटिंगच्या आतल्या रस्त्यांवर आहे. रोलर फिरवलेली, कडेला गटार काढलेली. फाटकापाशी संपते आणि तिथून गावाची खडी सुरू होते. एका फाटकाशी सावलीत बसलेल्या रखवालदार मामांनी मला ग्राहक समजून उठून नमस्कार केला. नाही म्हटल्यावर निवांत बसले. जमीन आधी त्यांचीच होती. "पैशे आलं, घर झालं, पोरीचं लगीन झालं," त्यांनी हिशेब दिला. "आन् हितंच हाय की मी. झाडांना पानी घालतो." त्यांच्या सुरात दुःख शोधायचा मी प्रयत्न केला. ते तिथं नव्हतं, निदान मला दाखवण्यासाठी तरी नव्हतं.

वेल्ह्याहून केळदचा रस्ता हा या सगळ्या फेरीतला जीव. एका अंगाला गुंजवणी धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला तोरण्याचे कडे. भट्टीच्या खिंडीकडं चढताना काही तुकडे असे, की डांबर कधीकाळी होतं याची फक्त आठवण उरलेली. मुरूम इतका बारीक, की चाक त्यात आवाज न करता बुडतं आणि मागं लाल ढग उठतो. पासलीच्या अलीकडं पाय खाली टेकून मी नुसता उभा राहिलो. इंजिन बंद केल्यावर उन्हात पत्रा तडतडावा तसा सायलेन्सर तडतडत होता. बस्स. बाकी आवाज नव्हता.

केळदच्या टोकाला मढे घाट. पावसाळ्यात इथं गाड्यांची रांग लागते आणि लक्ष्मी धबधब्यासमोर फोटो काढायला नंबर लावावा लागतो. आता धबधब्याच्या जागी कोरडा काळा कडा होता आणि त्याच्या तोंडाशी दोन म्हशी. खाली कोकण, उन्हात धुरकट. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७०च्या फेब्रुवारीत याच घाटानं त्यांच्या उमरठ गावी उतरवला, असं सांगतात आणि घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. मला त्या कड्यावर उभं राहून प्रश्न पडला तो खांदेकऱ्यांचा. ही वाट नुसत्या अंगानं उतरायची तरी गुडघे बोलू लागतात.

रात्री केळदला एका घरी राहिलो, "घरगुती जेवण" अशी पाटी असलेल्या. यजमानांच्या आई खालच्या कोकणातल्या. लग्न होऊन याच घाटानं चालत वर आल्या. "पायात जोडवी नवी, टोचत होती," एवढंच त्यांना त्या दिवसाचं आठवत होतं. माहेरी काय, सासरी काय, भातच. पण कोकणातला तांदूळ जाड नि लाल, उकडा, हा इकडचा गोड. पहिलं वर्षभर त्यांना इकडचा भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटलं नव्हतं. बोलताना लाइट गेली. अंगणापलीकडच्या झाडांवर काजवे आले होते, एका झाडावर एकदम पेटायचे नि एकदम विझायचे. यजमान म्हणाले, मागच्या आठवड्यात पुण्याहून बसा भरून माणसं आली काजवे बघायला, सगळ्यांच्या हातात विजेऱ्या. मग काजव्यांनी काय बघायचं?

परतताना पाबे घाट चढलो. माथ्यावरून तोरणा आणि राजगड दोन्ही एका नजरेत येतात, आणि त्यामुळंच तिथं गाड्या थांबतात, त्यामुळंच चहाची टपरी चालते. टपरीशी पाच-सहा मोटरसायकली होत्या, माझ्या गाडीपेक्षा तिप्पट महाग, पेट्यांवर चिकटपट्ट्या, अंगात जाकिटं, गुडघ्यांना ढाली. पोरं चांगली होती, हसतमुख. माझ्या पायांवरचा लाल थर पाहून त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "सर, खरं ऑफरोडिंग कुठं मिळेल?"

मी केळदच्या रस्त्याचं सांगायला सुरुवात केली, तर टपरीवाल्या मावशी मधेच म्हणाल्या, "त्यो आता न्हाय ऱ्हायचा तसा. काम निघालंय. दिवाळीपातुर डांबर हुतंय म्हनत्यात."

"अरेरे," तो पोरगा मनापासून म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रागावल्या नव्हत्या, फक्त हिशेब जुळत नव्हता. त्यांचं माहेर केळदच्याच अंगाला, भाऊ तिकडं. आत्ता भावाला दूध घेऊन वेल्ह्यापर्यंत येताना किटली हिंदकळते, साय फुटते, डेअरीत फॅट कमी लागतं. डांबर झालं की ते लागणार नाही. शिवाय त्या रस्त्यानं कोकणातली वाहनं वर यायला लागली तर या टपरीत नुसता चहा ठेवून भागणार नाही, मिसळ करावी लागेल. पोरगा अजून विचार करत होता. मग त्यानं विचारलं, मिसळ तिखट असेल का. "तुमी सांगाल तशी," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडून दोन चहांचे पैसे घेऊन सुट्ट्याच्या डब्यात टाकले.